मुंबईत घर शोधताना: वस्ती कशासाठी उभी राहिली ते आधी पाहा

नागपुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी इथेच वाढली, इथेच शिकली. आता पहिल्या नोकरीसाठी मुंबईला निघाली आहे. ऑफिस लोअर परळला. ओळखीचे लोक दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, वाशी अशी नावे सुचवतात आणि प्रत्येकाला आपलाच भाग चांगला वाटतो. या भागांत फरक काय, ते असे का घडले आणि नागपूरच्या मुलीला कुठे रुळता येईल, असे त्यांनी विचारले आहे. मी नगररचनाकार आहे, नागपूरचाच. जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचे आराखडे करण्यात माझी बरीच वर्षे मुंबईत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, भाडे किती, स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येते, हे तुम्ही विचारालच. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारा: ही वस्ती कशासाठी उभी राहिली? मुंबईतले बहुतेक भाग कोणत्या तरी एका गरजेपोटी वसले. कुठे गिरणीच्या भोंग्याबरोबर कामगार हजर व्हावा म्हणून, कुठे प्लेगमधून माणसे बाहेर काढावीत म्हणून, कुठे बंदरावरच्या व्यापाऱ्याला मालाजवळ राहता यावे म्हणून. ती गरज कधीच संपली, पण रस्त्यांची रुंदी, खोल्यांची मापे, इमारतींमधली अंतरे आणि शेजाऱ्यांचे वागणे अजून तिच्याच हिशेबाने चालते. हे कळले की कोणत्या भागात दिवस कसा जाईल याचा बराच अंदाज घरबसल्या येतो.

आपले नागपूर चहूकडे मोकळे. गोंड राजा बख्त बुलंद शहाने गावे जोडून वसवलेले शहर भोसल्यांच्या काळात महालाभोवती वाढले. इतवारी, बुधवारी, शुक्रवारीचे बाजार त्याला लागून उभे राहिले. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर टेकडीपलीकडे इंग्रजांचा वावर वाढला, पुढे सिव्हिल लाइन्स झाली, मग पश्चिमेला धरमपेठ, रामदासपेठ. जागा कमी पडली की शहर शेतात सरकले. अजूनही सरकते आहे. मुंबईला ही सोय कधीच नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे. १६६१ च्या विवाह करारातून ती पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. त्यानंतर मुंबईत जी जमीन वाढली ती मुख्यतः पाणी हटवून. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध बांधून झाला आणि महालक्ष्मीजवळून आत घुसणारा समुद्र अडला. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी उचलला, म्हणून माहीमहून दादरकडे येणारा रस्ता आजही लेडी जमशेटजी मार्ग आहे.

ही माहिती घर शोधताना कामाची आहे. भराव घालून जोडलेल्या बेटांच्या मधला भाग आजही खोलगट आहे. दादर-परळच्या हद्दीवरचे हिंदमाता दरवर्षी बातम्यांत येते ते याचमुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीने आपली जुनी जागा परत मागितली. नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या बांधलेल्या घरांमध्ये पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे. तेव्हा मुंबईत तळमजल्याची खोली कितीही स्वस्त मिळाली, तरी त्या गल्लीतल्या वाण्याला विचारा की जुलैत पाणी कुठवर येते. तो खरे सांगतो.

दुसरी गोष्ट रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्याच कंपनीची गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. आपल्याकडे रेल्वेने शहर बाहेरगावांशी जोडले. मुंबईत रेल्वेनेच शहर घडवले. नागपुरात अंतर किलोमीटरमध्ये मोजतात. मुंबईत ते कोणती लाइन आणि गाडी किती वेळा बदलावी लागते यावर ठरते. तुमच्या मुलीचे ऑफिस लोअर परळला असेल तर पश्चिम मार्गावरचे लोअर परळ आणि मध्य मार्गावरचे करी रोड ही दोन्ही स्टेशने एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. म्हणजे पार्ल्याची माणसेही तिथे थेट पोचतात आणि डोंबिवलीचीही. वाशीहून मात्र हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलावी लागते. तो एक बदल नकाशावर दिसत नाही, सकाळच्या गर्दीत मात्र रोज जाणवतो.

आता लोअर परळ. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तिथली कहाणी नागपूरच्या माणसाला सर्वांत जवळची आहे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावरांची, १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर गिरण्यांची रांगच उभी राहिली. जमशेटजी टाटांनी मात्र वेगळा विचार केला: कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी काढायची. म्हणून १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल मुंबईत न निघता नागपुरात निघाली. आपल्या वऱ्हाड-विदर्भाचा कापूस काही इथे सूत झाला, काही गाठी होऊन मुंबईला गेला. एका अर्थाने गिरण्यांचा हा सगळा भाग, म्हणजे गिरणगाव, आपल्याच शेतावर उभा राहिला, असे मला काम करताना नेहमी वाटायचे.

गिरणगावात माणसे आली रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून. बरेचसे पुरुष एकटे यायचे. दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यांनी झोपायचे आणि जेवायला खाणावळीत जायचे. या खाणावळी बहुतेक गिरणी कामगारांच्या बायका चालवत. त्यांनाच संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे २०७ चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. एकेक खोली १६० चौरस फुटांची, मधून लांबच लांब वऱ्हांडा, टोकाला सार्वजनिक संडास. खोली एवढी लहान की जगणे वऱ्हांड्यातच व्हायचे: अभ्यास, पत्ते, भजन, संपाच्या सभा, लग्नाची बोलणी. चाळीतल्या शेजाराबद्दल लोक हळवे होऊन बोलतात. ते खरे आहे, पण त्या शेजारामागे जागेची टंचाई होती हेही खरे. पुनर्विकासाच्या बैठकांत बायका सर्वांत आधी घरात संडास मागत, वऱ्हांड्याच्या आठवणी पुरुष काढत. मी बायकांच्या बाजूचा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. गिरण्याच एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवले होते की गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावेत: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीचीच करायची असे झाले. गिरण्यांच्या आवारात रिकामी जमीन असते तरी किती? शेड, गोदामे, चिमणी यांनीच सगळे व्यापलेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला आणि शहराच्या पोटात मोठे उद्यान, स्वस्त घरे होण्याची संधी गेली. माझ्या व्यवसायातल्या आयुष्यात मुंबईचे याहून मोठे नुकसान मी पाहिले नाही. आज तिथे मॉल, काचेची ऑफिसे आणि साठ-साठ मजली मनोरे आहेत आणि त्यांच्या पायाशी गिरणीच्या काळातले अरुंद रस्ते. वाहतूक का तुंबते याचे उत्तर तिथेच आहे: पायी येणाऱ्या कामगारासाठी आखलेल्या रस्त्यावर आपण हजारो गाड्या आणल्या. आपल्या एम्प्रेस मिलच्या जागेवरही मॉल उभा आहे, तेव्हा हे दृश्य तुमच्या मुलीला अनोळखी वाटणार नाही.

तरीही गिरणगाव संपलेले नाही. मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत जा. तिथे अजून आया-बाया मिरच्या निवडून, भाजून, डंकावर कुटून घेतात. गणपतीत तर हा भाग रात्रभर जागा असतो. लालबागचा राजा १९३४ पासून बसतो. जुन्या चाळीत खोली मिळाली तर भाडे परवडेल, पण ती बहुधा पुनर्विकासाच्या वाटेवर असेल आणि मुक्काम अचानक हलवावा लागेल. मनोऱ्यांतले भाडे पहिल्या पगारात बसणार नाही.

म्हणून माझे उत्तर दादर, माटुंगा, नायगाव. कारण भावनेचे नाही, आखणीचे आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराच्या भागात प्लेग सापडला. कोंदट, हवा नसलेल्या घरांत तो वणव्यासारखा पसरला, लाखो लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने जुन्या शहरातून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, समुद्राची हवा आत यावी म्हणून. त्यात गरिबांची घरे पाडली गेली आणि त्यांतल्या अनेकांना नवे घर मिळाले नाही, हेही नोंदवायला हवे. पण उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे ट्रस्टने शेते आणि नारळीच्या वाड्या घेऊन जे आखले ते मुंबईतले माझ्या मते सर्वांत शहाणे नियोजन. इमारत तीन मजल्यांपर्यंत, दोन इमारतींमध्ये ठरलेले अंतर, दारात झाड, चार गल्ल्या सोडून बाग. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती हे सगळे त्यातून आले. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये लोकांना खुले झाले. शंभर वर्षांत लोकसंख्या कितीतरी वाढली, तरी तिथे उन्हाळ्यात दुपारी सावलीतून चालता येते.

आपल्या नासुप्रचा म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा, त्याच जातीच्या संस्थेचा. लेआउट, त्यातले बगीचे, प्लॉटच्या कडेने सोडलेली जागा, हे आपण ज्याला साहजिक धरतो ते याच विचारातून आलेले. लक्ष्मीनगर किंवा बजाजनगरात वाढलेल्या मुलीला हिंदू कॉलनीत परके वाटत नाही ते यामुळे. घरे लहान, पण रस्त्याची लय ओळखीची.

आणि नागपूरकरांना दादर आणखी एका नात्याने जवळचे आहे. परळच्या बीआयटी चाळीत म्हणजे याच ट्रस्टने कष्टकऱ्यांसाठी बांधलेल्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. पुढे हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. दीक्षाभूमीच्या शहरातून दर ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणाऱ्या गाड्या कशा भरतात ते आपण स्टेशनवर पाहतोच. परळची चाळ, राजगृह आणि शिवाजी पार्कजवळचा तो समुद्रकिनारा एका सकाळी पायी पाहता येतो. मुलीने पहिल्याच महिन्यात पाहावा.

दादरची भाडी चढी आहेत. पण दोघी-तिघींनी मिळून घर घेणे, पेइंग गेस्ट म्हणून राहणे, मुलींची वसतिगृहे हे पर्याय इथे इतर भागांपेक्षा जास्त आहेत, आणि प्रवासाचे वाचलेले दोन तास पैशांत धरले तर फरक बराच कमी होतो. शिवाय पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग दादरला मिळतात, आणि कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून वरळीकडे जायला तिसरी वाट झाली आहे.

गिरगाव, फोर्ट, मरीन ड्राइव्ह हे राहण्यापेक्षा फिरण्यासाठी. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. तिथून जवळच खोताची वाडी, लाकडी जिन्यांची आणि ओट्यांची. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. मधोमध उभे राहून दोन्ही बाजू बघाव्यात. २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. गिरगावची मराठी कुटुंबे मात्र पिढी वाढली तशी बोरिवली, डोंबिवलीला गेली. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू सुरक्षित झाला, पण मालकाने दुरुस्ती सोडली. त्या इमारतींची आजची दशा त्या एका निर्णयाने झाली.

पार्ले पूर्वेला मनापासून शिफारस. बांद्रे, सांताक्रूझ, पार्ले हे भाग १९१५ च्या नगररचना कायद्याखाली आखलेल्या योजनांतून वाढले. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चे, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची छावणीही पार्ल्यात होती. विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, म्हणून तिथे अजून आकाश दिसते. रहिवाशांची मात्र त्याच बंधनाने कोंडी झाली आहे, कारण जादा मजले चढवता येत नाहीत म्हणून जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला बिल्डर सहज मिळत नाही. भाड्याने राहणाऱ्या मुलीला त्याचा त्रास नाही. लोअर परळला एकच गाडी.

ठाणे चांगले, तलावांचे आणि गडकरी रंगायतनचे शहर. जलद गाडीने दादर, मग धीमी गाडी. डोंबिवलीत मराठी वातावरण भरपूर, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा तिथूनच गावोगाव गेली, पण सकाळच्या लोकलची गर्दी नव्या माणसाला पहिल्या वर्षी सोसणार नाही असे मी स्पष्ट सांगतो. वाशी ज्यात येते ती नवी मुंबई १९७० पासून सिडको या सरकारी महामंडळाने वसवली. रुंद रस्ते, सेक्टर, पार्किंग, सगळे नागपूरच्या माणसाला आवडेल असे. ऑफिस बेलापूर-ऐरोलीला असते तर मी तेच नाव पहिले लिहिले असते.

घर ठरवताना काही गोष्टी पक्क्या करा. दादर-परळ-गिरगावची जुनी इमारत असेल तर ती म्हाडाची उपकरप्राप्त इमारत (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) आहे का ते विचारा आणि पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची जी यादी जाहीर करते ती बघा. घर पागडीचे, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन जुन्या अल्प भाड्याने धरलेले असेल तर राहणाऱ्याला ते पुढे भाड्याने द्यायचा हक्क बहुधा नसतो. अशा घरात पेइंग गेस्ट म्हणून राहताना मूळ मालकाची लेखी संमती पाहिल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. करार लिव्ह अँड लायसन्सचाच (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) करा आणि तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ही नोंदणी ऑनलाइन होते. करार नोंदवायला टाळाटाळ करणारा मालक कितीही गोड बोलला तरी ते घर सोडा. आणि पैसे देण्याआधी मुलीला एकदा सकाळी नऊ वाजता त्या घरापासून ऑफिसपर्यंत आणि रात्री आठ-साडेआठला ऑफिसपासून घरापर्यंत स्वतः जाऊन येऊ द्या, स्टेशनपासून दारापर्यंतच्या गल्लीत दिवे आहेत का, दुकाने उघडी असतात का ते तिला बघू द्या.